ह्या दिवसांत

बातमी कोणी कोणाला सांगितली नव्हती, तरी रविवारी दुपारपर्यंत ती लोधीपुऱ्यातल्या निम्म्या गल्लीला आणि जसोंडीच्या एका केळीच्या मळ्याला पोचली होती.

मालतीबाईंनी तर तोंडातून ब्रसुद्धा काढला नव्हता. दिवस राहिले की तिसरा महिना लागेपर्यंत सुनेला विचारायचं नाही, मुलाला सांगायचं नाही, आपसांत बोलायचं नाही, अशी या घराची रीत. बोललं की दृष्ट लागते. मग कळायचं कसं? तर देवघरातल्या दिव्यावरून. संध्याकाळचा दिवा धाकट्या सुनेने, म्हणजे अश्विनीने लावायचा, हे तिच्या लग्नानंतर आठवड्याभरातच ठरलं होतं. अडचणीच्या चार दिवसांत ती देवघराच्या दाराबाहेर थांबून म्हणायची, "आई, आज दिवा तुम्ही लावा." साडेतीन वर्षं दर महिन्याला मालतीबाईंनी हे वाक्य ऐकलं होतं. त्या "बरं" म्हणत, काड्यापेटी घेत, आणि त्यांचं तोंड जे पडायचं ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वर येत नसे. बोलत मात्र काही नसत. सुनेला आपण कधी एक शब्द बोललो नाही, याचा त्यांना केवढा अभिमान होता.

असा शेवटचा दिवा त्यांनी महाशिवरात्रीला लावला होता. मग होळी गेली, पाडवा गेला, रामनवमी गेली, आणि ते वाक्य काही आलं नाही. मालतीबाई बोटांच्या पेरांवर मोजत राहिल्या. त्यातच थोरली सून पूर्णिमा एके दिवशी गच्चीवरून धावत खाली आली.

"आई, अश्विनी पाण्याच्या टंकीमागे बसून माठाची खापरी खाऊन राहिली होती. एकदम कुडुम कुडुम! मला पाहून लपवली."

"कोणत्या माठाची?"

"तो नवा फुटला ना, त्याची. मी तर सोचत राहिली, हिला झालं काय."

मालतीबाईंनी डोळे मिटून हात जोडले. मातीचे डोहाळे! पूर्णिमाला दोन्ही वेळेस चिंचेचे लागले होते, ते काय कोणालाही लागतात. मातीचे लागले म्हणजे मुलगा, असं केसरआक्का छातीठोकपणे सांगत. केसरआक्का म्हणजे मालतीबाईंची नणंद, त्यांच्या नवऱ्याची, रमेशरावांची, थोरली बहीण. राहायच्या इतवाऱ्यात, पण सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत या घराचं हायकोर्ट त्याच.

त्याच आठवड्यात मालतीबाईंनी अश्विनीच्या लाल गोळ्यांची पाकिटं वरच्या फळीवर पापडांच्या डब्यामागे ठेवून दिली. गोळ्या कसल्या, तर मुलगा ऋषिकेश, अश्विनीचा नवरा, एवढंच बोलला होता, "थोडी कमजोरी है, टॉनिक दिया है." टॉनिक गरम पडतं, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

"सूनबाई, ह्या दिवसांत गरम गोळ्या नको," त्या म्हणाल्या.

"हो आई," अश्विनी म्हणाली. सासूसुनेचं इतकं झटपट एकमत या घरात क्वचितच झालं असेल.

आज चोरओटी होती. तिसऱ्या महिन्यात गाजावाजा न करता भरायची, म्हणून चोर. अश्विनीला सांगितलं होतं की आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, माहेरी जायच्या आधी ओटी भरायची आहे. तिच्या आईला, जसोंडीच्या भागाबाईंना, मालतीबाईंनी फोनवर फक्त म्हटलं, "विहीणबाई, लुगडं हिरवं आणा." पलीकडून भागाबाईंचं फक्त "आणते" ऐकू आलं. दोघींनी त्यापुढे एक अक्षर काढलं नाही, आणि फोन ठेवून दोघीही आपापल्या ठिकाणी रडल्या.

अश्विनीला पाटावर बसवलं तेव्हा बसायला मिळालं याचंच तिला बरं वाटलं. सकाळपासून तीनदा जिना झाला होता आणि तिसऱ्या वेळेस मधल्या पायरीवर भिंत धरून थांबावं लागलं होतं. आज अडचणीचा दुसरा दिवस. दुसऱ्या दिवशी तिला नेहमीच फार जायचं. आजही डोळ्यांपुढे मधूनच काळं येत होतं. देवाची तिने सकाळीच मनातल्या मनात माफी मागून ठेवली होती. मागच्या महिन्यात त्याने दिवा चालवून घेतला, तशी एक ओटीही घेईल.

समोर केसरआक्का, पूर्णिमा, शेजारच्या दोघीजणी. भागाबाईंनी पिशवीतून लुगडं काढलं. हिरवंगार. मग हिरव्या बांगड्या, मग पाच फळं, मधोमध घरच्या मळ्यातली केळ्यांची फणी.

"आई, इतकं कशाला वं? मी आठ दिवसांत येऊनच राहिली ना जसोंडीला."

भागाबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि डोळ्याला पदर लावला. "काही उचलू नको, बाई. जिना चढू नको आता."

"मातीचे लागले म्हणे," शेजारची एक म्हणाली. दुसरीने तिला कोपर मारलं.

केसरआक्का वाकून अश्विनीच्या कानात बोलल्या, पण त्यांचं कानात बोलणं गल्लीच्या तोंडाशी ऐकू जायचं. "तिसरा लागला ना वं? मग आता बोलायला काही हरकत नाही."

तिसरा?

अश्विनीने हिरव्या लुगड्याकडे पाहिलं. आईच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं. ह्या दिवसांत गरम गोळ्या नको! तिला वाटलं होतं, उन्हाळ्याच्या दिवसांत. पाडव्यालाच बुऱ्हाणपूर तापायला लागलं होतं, गोळ्यांनी पोटात जळजळ होत होती, सासू मायेने म्हणते आहे, म्हणून तिने आनंदाने बंद केल्या होत्या.

मालतीबाई नारळ घेऊन पुढे झाल्या. त्यांचा चेहरा साडेतीन वर्षांत असा कधी दिसला नव्हता. किती सुरेख दिसतात या हसल्या की, असं अश्विनीच्या मनात आलं आणि तिला रडू फुटायची वेळ आली. घ्यावा का नारळ? आज घेतला तर उद्या काय सांगायचं, परवा काय सांगायचं? ती पाटावरून मागे सरकली.

"आई, थांबा. मला शिवू नका. मला अडचण आहे."

नारळ मालतीबाईंच्या हातातच राहिला.

"कधीपासून?"

"काल."

"माय वं! गेलं की काय?" भागाबाई ओरडल्या. "पोरी, गेलं का तुझं?"

"नव्हतंच, आई. काही नव्हतंच." अश्विनी म्हणाली. "मागच्या महिन्यात पण आली होती मला. दर महिन्यासारखी."

शेजारच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दोघींनाही एकदम घरी दूध तापत ठेवल्याची आठवण झाली आणि त्या चपला शोधत निघून गेल्या. आता संध्याकाळपर्यंत उरलेल्या गल्लीलाही कळणार होतं.

मालतीबाई खाली बसल्या. त्यांच्या डोक्यात बाकी काही शिरतच नव्हतं, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. "मग दिवा? दिवा कोणी लावला मागच्या महिन्यात?"

"मीच."

"त्या दिवसांत?"

"हो."

"आणि काल?"

"काल पण."

"देवाला फसवलं तू!" मालतीबाईंचा आवाज इतका चढला की स्वयंपाकघरात कुकरचं झाकण ठेवायला उठलेली पूर्णिमा तशीच उभी राहिली. "माझ्या देवघरात! मी इकडे एकेक दिवस मोजत होती, नवस बोलत होती, आणि तू...! काय मिळालं तुला?"

"तुमचं तोंड नाही पाहावं लागलं," अश्विनी म्हणाली.

हे आपण मोठ्याने बोललो, हे तिला बोलल्यावर कळलं. मग मात्र ती थांबली नाही. "दर महिन्याला मी दारात उभी राहून सांगायची, आणि तुमचं तोंड असं व्हायचं, जसं घरात कोणी मेलं. तुम्ही बोलत नव्हत्या कधी. बोलल्या असत्या तर बरं होतं. मला नाही सहन झालं, आई. म्हणून लावला दिवा. देवाला नाही फसवलं. तुम्हाला फसवलं."

"मग खापरी? ती पण नाटक होती का?" पूर्णिमा मध्येच म्हणाली. बातमी तिने आणली होती, ती खोटी ठरली तर उद्या खापर तिच्यावर फुटणार होतं. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. खाऊन राहिली होती की नाही?"

अश्विनीने मान खाली घातली. हे तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. "खाते. राहवतच नाही मला. का ते माहीत नाही."

भागाबाई लुगड्याची घडी घालायला लागल्या होत्या. घडी काही बसेना. "विहीणबाई, तुम्ही एकदा पोरीला विचारायचं तरी होतं. मी साऱ्या जसोंडीतून मान वर करून आली आज."

"तुम्ही विचारलं का? तुमची तर पोटची आहे."

भागाबाईंनीही रीतच पाळली होती.

बैठकीत ऋषिकेश आणि रमेशराव क्रिकेटची मॅच बघत होते. ओटीच्या खोलीत पुरुषांचं काम नसतं, तेव्हा ऋषिकेश निवांत होता. तसा तो पूर्ण निवांत नव्हता. शुक्रवारपासून त्याच्या मोबाईलमध्ये एक रिपोर्ट येऊन पडला होता आणि तो त्याने कोणालाही दाखवला नव्हता. तहसील कचेरीत आलेला अर्ज आजच्या टेबलावरून उद्याच्या टेबलावर सरकवायची त्याला दहा वर्षांची सवय होती. बायकोचा रिपोर्टही त्याने तसाच सरकवला होता, शनिवारवरून रविवारवर, रविवारवरून सोमवारवर.

आईचा आवाज ऐकून तो आत आला. पाटाभोवती फळं पसरलेली, अश्विनी भिंतीला टेकलेली, भागाबाईंच्या मांडीवर हिरवं लुगडं. हिरवा रंग पाहिल्यावर त्याला सगळं कळलं.

"आई, हे काय केलंस तू?"

"मी काय केलं? तुझ्या बायकोला विचार! दोन महिने मला आशेवर ठेवलं हिने, आणि माती खाते म्हणे वरून!"

"माती?" तो अश्विनीकडे वळला. "तू माती खातेस? डॉक्टर मॅडमने विचारलं होतं ना फरवरीत, माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात का? तू नाही म्हणालीस."

"तेव्हा नव्हती खात. आणि ते का विचारतात, ते कुठे माहीत होतं मला?"

"रक्त कमी असलं की वासना होते मातीची. त्या म्हणाल्या होत्या मला नंतर."

रमेशराव त्याच्या मागे येऊन उभे होते. तीस वर्षं शाळेत हेडमास्तरकी केलेला माणूस, प्रश्न थेट विचारायचा. "किती आहे रक्त?"

"फरवरीत आठ पॉइंट एक होतं."

"आत्ता किती आहे ते विचारलं मी."

ऋषिकेशने मोबाईल काढला, जणू आकडा त्याला पाठ नव्हता. "सहा पॉइंट आठ."

"किती पाहिजे?"

"बारा."

अश्विनी हळूहळू भिंतीवरून घसरत जमिनीवर बसली. "सहा?" ती म्हणाली. "वाढायला पाहिजे होतं ना? रिपोर्ट कधी आला?"

"शुक्रवारी."

"आणि तू मला आज सांगतोस?"

"मंडे को बताने वाला था. उद्या सकाळी बोलावलंच आहे. नसेतून लोहाचं इंजेक्शन देणार, नाहीच वाढलं तर खून चढ़ाना पड़ेगा म्हणाल्या. इतकं का जातं त्याची सोनोग्राफी पण." तो आईकडे बघायचं टाळत होता. "आई, अकराच्या वर जाईपर्यंत मुलाचा विचारसुद्धा करायचा नाही, असं त्यांनी फरवरीतच सांगितलं होतं. सहा महिने थांबायचं. आत्ता राहिलं तर दोघांच्या जिवाला धोका आहे."

"आणि मला टॉनिक म्हणून सांगितलंस?" मालतीबाई म्हणाल्या.

"तू पुढच्या आखाजीला पाळणा पाहिजे म्हणत होतीस. सहा महिने थांबायचं, हे कोणत्या तोंडाने सांगू?"

"एक मिनट," तोच पुन्हा म्हणाला, "पण कमी कसं झालं? मॅडमपण हैराण होत्या. गोळ्या चालू आहेत ना तुझ्या?"

अश्विनीने फक्त सासूकडे पाहिलं.

मालतीबाईंनी तोंडावर हात ठेवला. "मी ठेवून दिल्या," त्या बोटांआडून म्हणाल्या. "ह्या दिवसांत गरम नको म्हणून. मला वाटलं हिला..."

"मला वाटलं उन्हाळ्याचं म्हणता," अश्विनी म्हणाली.

दुसऱ्या कोणत्याही दिवशी या घोटाळ्यावर घर हसून लोळलं असतं, आणि पूर्णिमाने तो माहेरी फोन करून सांगितला असता. आज पूर्णिमाने गुपचूप वाकून घरंगळलेलं डाळिंब उचललं आणि ताटात ठेवलं.

इतका वेळ केसरआक्का बोलल्या नव्हत्या, ही गोष्ट तोपर्यंत कोणाच्या लक्षात आली नव्हती. देवघरात असला प्रकार झाल्यावर आक्का काय करतील, याची खरं तर सगळ्यांनाच धास्ती होती. त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि अश्विनीसमोर येऊन बसल्या.

"आत्याबाई, शिवू नका," अश्विनी आक्रसली. "तुम्हाला आंघोळ पडेल."

"गप बस."

आक्कांनी तिची हनुवटी धरली आणि अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी ओढली. मग हात ओढून घेऊन नखं पाहिली. मग पुन्हा पापणी. ज्या बाईने चाळीस वर्षांत चौथ्या दिवसाच्या आत कोणाच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं, ती अश्विनीचा हात मांडीवर घेऊन बसली.

"पांढरी फटक," त्या म्हणाल्या. "तापीची अशीच होती."

रमेशराव चमकले. तापी त्यांच्या दोघांच्या मधली बहीण. बैठकीत तिची तसबीर होती, सर्वपित्रीला तिला पान वाढलं जायचं, आणि तिला पहिल्या बाळंतपणात दृष्ट लागली एवढंच सगळ्यांना माहीत होतं. त्यापुढचं कोणी कधी विचारलं नव्हतं.

"ती पण माती खायची," आक्का म्हणाल्या. "भिंतीचे पोपडे काढून खायची. आपली माय हसायची, म्हणायची, मुलगा होणार माझ्या तापीला. मी नदीच्या घाटावरून पांढऱ्या मातीची ढेकळं आणायची. चुलीत भाजून, फडक्यात बांधून द्यायची तिला. डोहाळे पुरवायला पाहिजे ना! ती दोन पायऱ्या चढली की धापा टाकायची, आम्ही म्हणायचो, जड पोट आहे. बाळंत झाली आणि थोडंसंच रक्त गेलं. थोडंसंच, रमेश. सुईण म्हणाली, एवढ्याने काही होत नाही. पण तिच्या अंगात होतंच कुठे? दिवस मावळायच्या आत दोघं गेली."

"आक्का," रमेशराव म्हणाले, "तुला काय माहीत होतं तेव्हा."

"आणि आज? आज तरी काय माहीत होतं? मातीचे लागले ऐकून मी नवं लुगडं नेसून आली!" आक्कांनी पदर तोंडात कोंबला. "मीच भाजून देत होती रे तिला. माझ्या हाताने."

सत्तर वर्षांच्या त्या बाईला रडताना या घरात कोणी पाहिलं नव्हतं. रमेशरावांना ते बघवेना. ते बैठकीत गेले, चालू मॅच बंद केली आणि तसबिरीसमोर उभे राहिले.

भागाबाई सर्वात आधी भानावर आल्या. "मी पोरीला आत्ता घेऊन जाते. माझ्याजवळ राहील, खाईल, पिईल. झालं तेवढं पुरे."

"न्या," मालतीबाई म्हणाल्या. आवाजात धार उरली नव्हती. "माझ्या हातात ठेवू नका. मी गोळ्या काढून घेतल्या हिच्या."

"कोणी मला न्यायचं नाही आणि ठेवायचं नाही," अश्विनी म्हणाली. ती हे ओरडून म्हणाली नाही, तेवढी ताकदच नव्हती. "दोन महिने फुकट गेले माझे. मला पाहिजे आहे बाळ. तुमच्या सगळ्यांहून जास्त मला पाहिजे आहे. पण मला जिवंत राहून पाहिजे. उद्या सकाळी मी दवाखान्यात जाणार आहे, आणि इंजेक्शन कितीही वेळा घ्यावं लागलं तरी घेणार आहे. आखाजीला बरं वाटलं तर येईन जसोंडीला."

"मी नेतो सकाळी," ऋषिकेश म्हणाला.

"तू तर नेशीलच. पण आत येऊन बसायचं, आणि घरी येऊन आकडा सगळ्यांना सांगायचा. सरकवायचा नाही."

पूर्णिमाने त्याच्याकडे असं पाहिलं की दीर असूनही तो लाजला. मग तिने जावेच्या दंडाला धरून तिला उठवलं. "चल, पड थोडी. रात्रीच्या पोळ्या मी बघते. और वो छत वाली खापरी मी फेकून देते, समझी?"

ओटीचं सामान पाटावरच राहिलं. भरायला काढलेली ओटी परत नेत नाहीत, आणि न भरता ठेवायची कशी, हेही कोणाला ठाऊक नव्हतं. शेवटी हायकोर्टाने डोळे पुसून निकाल दिला. "फळं आजच कापून पोरीला खायला द्या. लुगडं इथेच राहू दे, मालतीच्या कपाटात. डॉक्टरीण हो म्हणेल, मग दिवस राहतील तेव्हा राहतील. भरू तेव्हा. आणि आधी तिला तोंडाने विचारू."

भागाबाईंनी लुगडं विहिणीच्या हातात दिलं. दोघींनी मिळून घडी घातली, तेव्हा कुठे ती बसली.

संध्याकाळ झाली. पाहुण्या गेल्या होत्या. मालतीबाई स्टुलावर चढल्या आणि पापडांच्या डब्यामागून गोळ्यांची पाकिटं काढली. बहुतेक सगळी अजून भरलेली होती. ती हातात धरून त्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. दिव्याबद्दलचा त्यांचा राग गेला नव्हता. तो इतक्यात जाणारही नव्हता, देवघराचं त्या उद्या शुद्ध पाण्याने सगळं धुऊन घेणार होत्या. पण तापीची तसबीर त्या रोज पुसत होत्या, आणि आज पहिल्यांदा तिच्या जागी त्यांना दुसराच चेहरा दिसला होता.

मागे पावलं वाजली. अश्विनी देवघराच्या दाराबाहेर थांबली होती, चौकटीला हात धरून.

"आई, आज दिवा तुम्ही लावा."

मालतीबाईंचं तोंड पडलं. त्यांनी पडू नये म्हणून प्रयत्न केला, तरी पडलंच. अश्विनीने या वेळी नजर वळवली नाही.

"बरं," मालतीबाई म्हणाल्या. त्यांनी काड्यापेटी घेतली, आणि दुसरा हात सुनेपुढे केला. त्यात लाल गोळी होती.

"ही घे आधी. चहाबरोबर नको, पाण्याबरोबर. आणि दर महिन्याला मला असंच येऊन सांगायचं. माझं तोंड कसंही होवो."